मरून पॅड, आठ महिने आणि रेलिंगचा गोळा

स्टील घासायच्या या मरून पॅडबद्दल मे महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच गुण दिले असते. आता साडेतीन, तेही जुलैच्या मानाने बरेच. जुलैत मी एक देणार होते.

गुहागरला आमची मागची पडवी समुद्राच्या अंगाला. तिथलं नवं स्टीलचं रेलिंग आरशासारखं पॉलिश केलेलं. संध्याकाळी माडांतून तिरपं ऊन आलं की झोपाळ्यावर बसणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. फॅब्रिकेटर मॅट करायचे ४,५०० मागत होता. मी हार्डवेअरमधून मरून हातपॅड आणले, ९० रुपयांत तीन. भांड्यांचा हिरवा नव्हे, गाड्यांचं पेंटिंगवाले वापरतात तो.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, आम्ही जन्मभर आमसुलं चोळून पितळ लखलखीत केलं, नि तू आहे ती चकाकी घालवत्येस?"

काम सोपं. पॅड साबणाच्या पाण्यात भिजवून पाइपाला वेढायचा आणि लांबीच्या दिशेनेच ओढायचा. बारीक समांतर ओरखड्यांनी उजेड विखुरतो, म्हणून तिरीप मारत नाही. एक हात आडवा पडला तर तो मात्र डोळ्यांत खुपत राहतो. दोन दुपारी लागल्या. दृष्ट लागेल असं झालं.

फक्त गोळे! कोपऱ्यातल्या खांबांवर दोन पोकळ गोळे आहेत. गोळ्याला लांबी कुठून आणायची? उभं घासलं तर सगळ्या रेघा शेंड्याला गोळा होतात, आडवं घासलं तर भोवऱ्यासारखं दिसतं. तीनदा केलं. आलं-गेलं माणूस अख्खं रेलिंग सोडून "गोळ्याला काय झालं?" विचारतं. शेवटी राखाडी, आणखी बारीक पॅडने हलक्या हाताने छोटी छोटी वर्तुळं काढली, तेव्हा एक गोळा जरा माणसात आला.

मग पाऊस लागला आणि जुलैत रेलिंगवर तांबूस डाग. फॅब्रिकेटर फोनवर म्हणाला, "तुम्ही घासलंत, आता आमची जबाबदारी नाही." कडाक्याचं भांडलेच. पॅडलाही शिव्या घातल्या.

नंतर नीट पाहिलं. दाट डाग फक्त खालच्या वेल्डिंगपाशी होते, आणि तिथे पॅड शिरेना म्हणून मी लोखंडी वायर ब्रश चालवला होता. त्याचे कण स्टीलमध्ये रुतले आणि गंजले. म्हणजे पॅड निर्दोष. पण उरलेल्या पाइपांवरही चहासारखी फिकट छटा आहेच, आणि तिथे तो फॅब्रिकेटर अर्धा खरा (त्याला सांगणार नाही). खरखरीत पृष्ठभागावर खार धरून राहतो, गुळगुळीतावरून निसटतो. खाऱ्या वाऱ्याला खरं तर ३१६ प्रतीचं स्टील हवं, खाराला तोंड देणारा मॉलिब्डेनम धातू मिसळलेलं. आमच्या खिशाला ३०४ झेपलं, तेही त्याच्या शब्दावर. चुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही, ३०४ प्रमाणेच स्वस्त, हलक्या २०२ लाही ते सहसा चिकटत नाही.

आता दर रविवारी गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसते. डाग त्याच पॅडने, त्याच दिशेने निघतात. संडासाचं ॲसिड अजिबात नको, ते स्टीलच खातं. आणि क्रोमच्या नळावर पॅड चालवू नका. क्रोमचा थर सहसा मायक्रॉनहूनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो. आमच्या न्हाणीतला नळ आता खरूज झाल्यासारखा दिसतो.

अर्धा गुण गोळ्याचा कापलाय. दुसऱ्या गोळ्यावर सासूबाईंनी करवंटी उपडी घातली आहे.