‘शटल बंद आहे’ म्हणणारा माणूस

अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हातात वॉकीटॉकी, गळ्यात ओळखपत्र. विश्वास ठेवायला मला त्या दिवशी एवढं पुरलं. ओळखपत्र उलटं लटकत होतं, फोटोची बाजू छातीकडे. हे दिसलं गाडीत बसल्यावर, आणि तोवर आमच्या बॅगा डिकीत बंद झाल्या होत्या.

सुरुवात मात्र माझ्याच हुशारीने झाली. सगळा प्रवास एका तिकिटावर महाग पडत होता, म्हणून दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली. पीएनआर दोन, मध्ये साडेचार तास. विमानतळाचा तीन अक्षरी कोड दोन्हीकडे एकच, तेव्हा एका विमानातून उतरायचं आणि दुसऱ्यात चढायचं, एवढंच माझ्या डोक्यात. टर्मिनलचा आकडा तिकिटावर होता, पण तो मी पहिल्यांदा नीट वाचला तो विमानात, झोपायच्या तयारीत असताना. उतरणार एका टर्मिनलवर, पुढचं विमान दुसऱ्याच टर्मिनलवरून, आणि दोन्हींच्या मध्ये धावपट्ट्या.

एका तिकिटावर असतो तर पहिल्या विमानाचा उशीर ही कंपनीची डोकेदुखी ठरली असती. पुढचं चुकलं तरी त्यांना दुसऱ्या विमानात बसवून द्यावं लागतं, आणि शक्यतो सामानही थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जातं. वेगळ्या तिकिटांना यातलं काही लागू नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही उशिरा आलेले प्रवासी, बस्स. आणि विमान चुकून नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद, लागला तर त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही बहुतेक वेळा रद्द होतो. सामानाचं तर बॅगेच्या टॅगवरच छापलेलं असतं. आमच्या टॅगवर मधल्याच विमानतळाचा कोड होता, म्हणजे बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, इमिग्रेशन करून बाहेर पडायचं आणि पुन्हा चेक-इन. त्यासाठी त्या देशात शिरण्याचा व्हिसा हवा. तो आमच्याकडे होता हे नशीब. नसता तर पहिल्या विमानातच चढू दिलं नसतं.

पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास गेला. पट्ट्याजवळ आणखी पस्तीस मिनिटं, कारण आमची एक बॅग येऊन गेली आणि दुसरी येईना. बाहेर आलो तेव्हा पुढच्या उड्डाणाला दोन तास वीस मिनिटं उरली होती. त्या कंपनीचं काउंटर तासभर आधी बंद होणार, म्हणजे हातात एक तास वीस मिनिटं. आज लिहिताना कळतंय की तेवढा वेळ भरपूर होता. तेव्हा छातीत नुसतं धडधडत होतं.

तो ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत आला नाही. त्याने फक्त विचारलं, ‘‘कुठलं टर्मिनल, सर?’’ मी आकडा सांगितला. त्याने माझ्या हातातला तिकिटाचा कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि हळहळल्यासारखं तोंड केलं. ‘‘शटल सकाळपासून बंद आहे. ही आमची टर्मिनल ट्रान्सफरची गाडी. कार्ड चालतं.’’ आकडाही सांगितला. जास्त वाटला, पण विमान चुकण्यापुढे काहीच नाही, असं मनाशी म्हणालो.

बायको म्हणाली, ‘‘अरे, त्या माहितीच्या काउंटरवर एकदा विचार ना. वीस पावलांवर तर आहे.’’

‘‘वेळ कुठे आहे?’’ मी म्हणालो. हे वाक्य त्याला म्हणावंही लागलं नाही. तोवर ट्रॉली त्याच्या हातात होती.

अधिकृत टॅक्सींची रांग ओलांडून त्याने आम्हाला लिफ्टने वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर नेलं. साधी गाडी, ना मीटर, ना कुठली पाटी. विमानतळाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर आम्हाला एक बस ओलांडून गेली, कपाळावर आमच्याच टर्मिनलचा आकडा ठळक अक्षरांत. मी बोट दाखवलं, तर म्हणतो, ‘‘ती कर्मचाऱ्यांची.’’ टर्मिनलशी पोहोचलो तेव्हा तीच बस थांब्यावर उभी होती आणि तिच्यातून आमच्या विमानातली गिटारवाली मुलगी उतरत होती. बस फुकट होती.

पैशांचा खेळ शेवटी झाला. डिकी पैसे दिल्यावरच उघडणार म्हणाला. कार्डाचं मशीन त्याने हातात असं धरलं की अंगठा बरोबर पडद्यावर आला. मध्येच काहीतरी विचारणारा पडदा चमकला आणि त्यानेच बटण दाबून टाकलं. माझं चलन की तिथलं, असा तो प्रश्न होता. परदेशात मशीन हे विचारतं तेव्हा तिथलं चलन निवडायचं असतं. आपलं निवडलं तर दर मशीनवाल्यांचा लागतो, आणि तो बँकेच्या दरापेक्षा सहसा वाईटच असतो. मी पिन टाकला. रोमिंग बंद होतं, त्यामुळे मेसेज आला नाही. चेक-इनच्या रांगेत फोनला वायफाय मिळालं तेव्हा बँकेचा ईमेल येऊन पडला. ठरलेल्या आकड्याला एक शून्य जास्त जोडलेलं होतं.

विमान मिळालं. बसने गेलो असतो तरी मिळालं असतं.

एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायची सोय मोठ्या विमानतळांवर बहुतेक विमानतळच करतो. हीथ्रोवर टर्मिनलांदरम्यान रेल्वेने फुकट जाता येतं, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर ‘सीडीजीव्हाल’ नावाची चालकाविना धावणारी गाडी फुकट आहे, आणि न्यूयॉर्कच्या जेएफकेवर एअरट्रेनला टर्मिनलांदरम्यान पैसे पडत नाहीत. ही माहिती त्या त्या विमानतळाच्या संकेतस्थळावर असते. घरून निघतानाच ते पान फोनमध्ये साठवून ठेवलं असतं तर ‘शटल बंद आहे’ हे ऐकल्यावर निदान थांबा कुठे आहे ते बघायला तरी गेलो असतो. कधीकधी तर विमानतळच वेगळा निघतो. तिकिटावर नुसतं टोकियो दिसतं, आणि एक विमान नारिताचं, दुसरं हानेडाचं.

प्रवास विम्याचं मी गृहीत धरलं होतं. पॉलिसी नंतर वाचली. वेगळ्या तिकिटांवरचं चुकलेलं विमान तिच्यात बसतच नव्हतं, आणि टॅक्सीवाल्याने लुबाडण्याचा तर प्रश्नच नाही.

बँकेकडे व्यवहाराला आक्षेप घेतला. त्यांचं उत्तर आलं की व्यवहार पिन टाकून झालेला आहे, त्यामुळे तो तुम्हीच मंजूर केलेला धरला जाईल. ठरलेल्या रकमेची पावती असल्यास पाठवा. त्याने पावती दिली नव्हती, मी मागितली नव्हती. स्टेटमेंटवर नाव होतं एका फुलांच्या दुकानाचं.

विमानतळ पोलिसांचा तक्रार अर्ज ऑनलाइन भरला. तारीख, वेळ, टर्मिनल, माणसाचं वर्णन, सगळं भराभर लिहीत गेलो. त्याच्या जाकिटाच्या पट्ट्यांचा रंगसुद्धा आठवत होता. पुढचा रकाना होता गाडीच्या नंबराचा. मी बायकोला हाक मारून विचारलं. तीही बॅगाच मोजत होती.