सेफ्टी शॉवर-आयवॉश कॉम्बो युनिट : ११ महिने वापरल्यावर

आधी आकडा सांगतो, ४६. एप्रिलच्या दुपारी पावणेतीनला आमच्याकडे कॉस्टिक सोड्याचा टँकर खाली होतो तिथल्या सेफ्टी शॉवरमधून (अंगावर केमिकल उडालं की लगेच धुवायला असतो तो) आलेल्या पहिल्या पाण्याचं टेम्परेचर. लॅबमधला काचेचा थर्मामीटर बादलीत धरून मी स्वतः मोजलंय. पण मोजलं ते घटना घडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि आधी का नाही मोजलं हे अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आमचा प्लँट रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला. मी शिफ्ट बघतो आणि सेफ्टीचं कामही माझ्याकडेच. मागच्या जूनमधे आम्ही तीन युनिट बसवली, एसएस ३०४, वर शॉवर खाली आयवॉशचं, म्हणजे डोळे धुवायचं भांडं, पुल रॉड आणि पायाने दाबायची पट्टी, फ्लो सुरू झाला की कंट्रोल रूममधे हूटर. एक कॉस्टिक टँकर जिथे खाली होतो तिथे, एक सल्फ्युरिक ॲसिडच्या रोजच्या वापराच्या टाकीपाशी, एक ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करतो तिथे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण माझं भांडण युनिटपेक्षा आम्ही ते कसं बसवलं आणि त्यांनी आम्हाला काय सांगितलं नाही याच्याशी जास्त आहे.

पहिले सहा महिने मी या युनिटवर खरंच खूश होतो. आधी आमच्याकडे लोकल फॅब्रिकेटरने बनवलेला शॉवर होता, साखळी ओढून धरली तरच पाणी, सोडली की बंद. आता विचार करा, डोळ्यात ॲसिड गेलेला माणूस एका हाताने साखळी धरणार, दुसऱ्या हाताने पापणी उघडणार आणि कपडे कुठल्या हाताने काढणार? नव्या युनिटचा बॉल व्हॉल्व्ह एकदा ओढला की उघडाच राहतो, दोन्ही हात मोकळे. अमेरिकेच्या झेड ३५८.१ स्टँडर्डमधे हेच आहे, एका सेकंदात उघडलं पाहिजे आणि आपण बंद करेपर्यंत चालू राहिलं पाहिजे. आपल्याकडे आयएस १०५९२ आहे, पण आमच्याकडे ऑडिटला येणारे सगळे झेड ३५८.१ चंच विचारतात.

फ्लो मोजायची सोपी पद्धत सांगतो, मीटर लागत नाही. शॉवरला मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी लागतं, म्हणजे १५ लिटरची बादली १२ सेकंदात भरली पाहिजे. आमची ११ ते १२ मधे भरते. आयवॉशला कमीत कमी दीड लिटर, आमचा ८ च्या आसपास देतो. आणि हे सगळं १५ मिनिटं सलग. साहेबांचं म्हणणं होतं शेडवर १००० लिटरची जुनी टाकी आहे तीच जोडा, नवीन कशाला. मी कागदावर गुणाकार करून दाखवला, ७५ गुणिले १५ म्हणजे ११२५, एका माणसालाही पुरणार नाही. महिनाभर डोकं लावल्यावर २००० ची टाकी मिळाली. काळी. शेडच्या पत्र्यावर, भर उन्हात. तिथून ४० मीटर सव्वा इंची जीआय पाइप भिंतीवरून उघडा नेलेला. तेव्हा मला यात काहीच चूक दिसली नव्हती. युनिट बसवायला आलेल्या त्यांच्या माणसालाही दिसली नाही, किंवा दिसली आणि तो बोलला नाही.

दर सोमवारी सकाळी साडेसातला आम्ही तिन्ही युनिट चालवून बघतो, बादली भरतो, रजिस्टरला सही. सोमवार चुकला की लगेच कळतं, पहिलं पाणी चहासारखं तांबूस येतं, ते डोळ्यात कोण घालणार. पण बघा, सकाळी साडेसातला. पाणी तेव्हा गारच असतं ना. वर्षभराच्या रजिस्टरमधे सगळीकडे ओके ओके ओके लिहिलंय आणि दुपारी तीनला पाइपात काय असतं ते एकदाही कोणी बघितलं नाही, मीही नाही.

तर एप्रिलमधे, टँकर लागलेला, ४८ टक्के लाय (कॉस्टिकचं द्रावण) खाली होत होती. होज कपलिंगचं गॅस्केट गेलं आणि फवारा उडाला. हेल्पर पोरगा खेडचाच, कामाला लागून सहा महिने झालेले. गॉगल होता पण फेसशील्ड नव्हतं. मानेवर, छातीवर आणि गॉगलच्या कडेने थोडं आत गेलं. आमचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांनी दंडाला धरून त्याला आठ-दहा पावलांवरच्या शॉवरखाली नेलं आणि रॉड ओढला. इथपर्यंत सगळं मॉक ड्रिलमधे करतो तसंच झालं.

आणि पोरगा उडी मारून बाहेर. "मामा, पाणी चटकतंय!"

त्याला वाटलं वरूनही केमिकलच पडतंय. तो परत आत जाईना. मामा हातात पीव्हीसीचे ग्लोव्हज होते तसेच त्याच्याबरोबर शॉवरखाली शिरले आणि त्याला मिठी मारल्यासारखं धरून उभे राहिले. पाइपात साधारण ४० लिटर पाणी मावतं, ७५ च्या वेगाने ते अर्ध्या मिनिटात निघून जातं, मग टाकीतलं आलं, ते ४० डिग्रीचं. गरमच, पण सहन होईल असं.

हे अर्धं मिनिट मला जास्त का खुपतं ते सांगतो. कॉस्टिक ॲसिडसारखं नाही. ॲसिड लागलं की भाजतं, माणूस बोंबलतो आणि पाण्याकडे पळतो. कॉस्टिक आधी नुसतं बुळबुळीत लागतं, साबण लागल्यासारखं, कारण ते कातडीतल्या चरबीचा साबणच करत असतं, आणि दुखायच्या आत खोल जात राहतं. डोळ्यात तर फारच वाईट. म्हणजे या केमिकलमधे माणूस स्वतःहून पाण्याखाली थांबेल असं धरूनच चालता येत नाही, दोन मिनिटांत म्हणतो "झालं, आता बरं वाटतंय" आणि निघतो. त्यात पाण्याने चटका दिला तर तो कशाला थांबेल. शिवाय गरम पाण्याने कातडीतून केमिकल आत शिरणं वाढतं. स्टँडर्डमधे पाणी १६ ते ३८ डिग्री हवं असं लिहिलेलं आहे, मी ते दहा वेळा वाचलंय, आणि दरवेळी ही गोष्ट बर्फाच्या देशांसाठी असेल म्हणून पुढे गेलोय.

आणि फक्त आयवॉश वापरला असता तर? तेच ४० लिटर, मिनिटाला ८ च्या वेगाने. म्हणजे पाच मिनिटं गरम पाणी डोळ्यात. पाच मिनिटं उघड्या डोळ्यात ४६ डिग्रीचं पाणी कोणीही घेऊ शकत नाही. हे गणित मी त्या रात्री घरी बसून केलं आणि नंतर झोप लागली नाही.

त्या दिवशी बाकीच्या गोष्टी बरोबर झाल्या त्याही लिहितो. युनिटला साखळीने कात्री बांधून ठेवलीय, तिने टी-शर्ट पुढून उभा कापला. डोक्यावरून काढायचा नाही, नाहीतर मानेवरची लाय ओढून चेहऱ्यावर येते. पँट काढायला पोरगा तयार नव्हता, आजूबाजूला टँकरचा ड्रायव्हर, क्लीनर, स्टोअरच्या बाया सगळे जमलेले. लाय छातीवरून ओघळून पट्ट्यापर्यंत गेलेली आणि तो पँट धरून उभा. तिथे आम्ही मागच्या दिवाळीत हिरव्या ताडपत्रीचा पडदा लावलाय, गोल रॉडवर सरकणारा, साडेआठशे रुपयात झाला. मामांनी पडदा ओढला आणि मग त्याने पँट काढली. युनिटबरोबर असा पडदा येत नाही, ऑप्शनल म्हणून वेगळा मिळतो आणि त्याचा जो भाव सांगितला होता तो ऐकून आम्ही आमचा बनवला. कपडे काढले की अंगावरचं बरंचसं केमिकल तिथेच कमी होतं, हे ट्रेनिंगमधे सगळ्यांना सांगतो, पण चारचौघांत कपडे काढायचे कसे ते कोणी सांगत नाही. तुमच्याकडे शॉवर असेल आणि पडदा नसेल तर आजच लावा.

शॉवर २२ मिनिटं चालू होता. साडेसोळाशे लिटर पाणी गेलं. भरणारी लाइन अर्ध्या इंची आहे, हजारची टाकी असती तर मधेच कोरडी पडली असती. कपडे दोन पिशव्यांत एकात एक बांधून बाजूला ठेवले, ॲम्ब्युलन्समधे दिले नाहीत, एसडीएसचा, म्हणजे केमिकलच्या सुरक्षा माहितीचा कागद मात्र बरोबर दिला. हॉस्पिटलमधे डॉक्टरांनी खालच्या पापणीत पीएचची पट्टी लावून बघितली आणि तरी वर सलाइनने धूत राहिले. डोळा वाचला. मानेवर रुपयाएवढा डाग आहे. पोरगा तीन आठवड्यांनी कामावर आला.

आता सर्व्हिस. नोव्हेंबरमधे ॲसिडकडच्या युनिटचा व्हॉल्व्ह गळायला लागला, दिवसाला बादलीभर. वॉरंटी एक वर्षाची. फोन केला तर म्हणे तुमचं पाणी जड आहे, वॉरंटीत बसत नाही. पाण्याचा रिपोर्ट पाठवला, जड नाहीये. मग म्हणे फोटो पाठवा. मग म्हणे व्हिडिओ पाठवा. तीन मेल आणि पाच आठवड्यांनी सीटचं किट कुरियरने आलं, बसवलं आमच्याच फिटरने. एप्रिलच्या घटनेनंतर मी परत फोन केला, म्हटलं उन्हाळ्यात पाइप तापतो हे तुम्ही बसवताना सांगायला हवं होतं. तिकडून उत्तर आलं, "साहेब, शॉवर आमचा, पाणी तुमचं." हे वाक्य ऐकून मी एक स्टार द्यायचं ठरवलं होतं आणि इथपर्यंतचं सगळं त्याच रागात लिहिलंय.

पुढचं दहा दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात त्यांचाच दुसरा टेक्निशियन आला, वयस्कर, चिपळूणला दुसऱ्या कामाला आला होता म्हणून वाट वाकडी करून इकडे डोकावला. त्याने अर्धा तास लाइन बघितली, पाइपावर हात ठेवला आणि म्हणाला याला एक व्हॉल्व्ह मिळतो, पाणी ठरावीक डिग्रीच्या वर गेलं की आपोआप थोडं सोडून देतो, पण तो घेऊ नका, महाग आहे आणि तुमची टाकीच तापतेय तर तो दिवसभर पाणी सोडतच बसेल. आधी टाकी सावलीत घ्या आणि पाइप जमिनीत घाला. स्वतःच्या कंपनीची वस्तू घेऊ नका म्हणणारा माणूस मी बऱ्याच वर्षांनी बघितला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

तसंच केलं. टाकीवर पत्र्याचं छप्पर घातलं आणि टाकीला पांढरा रंग मारला. कॉस्टिककडच्या लाइनसाठी दीड फूट खोल चर मारला, इथे जांभा असल्यामुळे ब्रेकर लावावा लागला, मजुरी साहेबांना जास्त वाटली, पण मामा स्वतः केबिनमधे गेले आणि त्या दिवशी काय झालं ते सांगितलं, मग सही झाली. युनिटला वर येणारा उघडा तुकडा गुंडाळून घेतला. काल दुपारी तीनला, बाहेर ३७ असताना, पहिलं पाणी ३३. मी पाच वेळा मोजलं.

त्यामुळे युनिटबद्दलचं मत बदललं. मशीन चांगलं आहे. व्हॉल्व्ह, फ्लो, हूटर यात नाव ठेवायला जागा नाही. आयवॉशच्या रबरी टोप्या मात्र टिकत नाहीत, ११ महिन्यांत चार हरवल्या, आणि टोपी नसली की नोझलमधे कुंभारमाशी घर करते, जास्तीच्या आधीच मागवून ठेवा. सांडपाण्याचा विचार युनिट घ्यायच्या आधी करा, आमचं पहिले दोन महिने पावसाच्या गटारात जात होतं, आता खड्डा करून ईटीपीला नेलंय.

कोणी कमेंटमधे विचारेल म्हणून, ईटीपीला कळीचा चुना आहे, तिथे शॉवरशेजारी मऊ ब्रशही टांगलाय, आधी कोरडा चुना झटकायचा आणि मगच भरपूर पाणी, नाहीतर अंगावरच तापतो. ज्यांच्याकडे एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) आहे त्यांना शॉवरबरोबर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतंच, नुसत्या पाण्यावर राहू नका. ती फ्रान्सची डिफोटेरिन नावाची बाटली येते, ॲसिड आणि अल्कली दोन्हीवर चालणारी, ती आम्ही भाव आणि एक्सपायरी बघून नाकारली होती, आता टँकरच्या जागेसाठी तरी दोन घ्याव्यात असं वाटतंय, परचेसला कागद दिलाय. शॉवर तर हवाच.

स्टार चार. पाचवा त्या टेक्निशियनला मनातून दिलाय, पण कंपनीच्या मॅन्युअलमधे उन्हात पाइप उघडा नेऊ नका एवढी एक ओळ छापून येईपर्यंत कंपनीला नाही देणार.

सोमवारच्या टेस्टची वेळ बदलून दुपारी तीन केलीय आणि रजिस्टरला टेम्परेचरचा रकाना वाढवलाय. ॲसिडकडची लाइनही गाडून झाली. ईटीपीची राहिलीय, ठेकेदार पाऊस लागायच्या आत चर मारतो म्हणालाय. तिथे आज ४१ आलं. तोवर अकरा ते पाच दर तासाला एक जण जाऊन तिथला शॉवर मिनिटभर सोडून येतो, आजच्या यादीत दोनची पाळी त्याच पोराची होती, त्याने स्वतःहून मागून घेतली.