जूनमधली बोटीची सहल आणि सोलापुरातून गेलेले ३७,४०० रुपये

एका ऑनलाइन पानावर सहलीची जाहिरात होती: विजयदुर्गहून बोटीनं निघायचं, देवगड बंदरात रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी मालवण. माणशी २,८०० प्रमाणे आम्हा ११ जणांचे ३०,८०० रुपये. निम्मे आगाऊ म्हणून १५,४०० घेतले, मग ‘बंदर परवाना, परत मिळणारा’ म्हणून ३,३००. शंका आली, पैसे परत मागितले, तर ते देतो म्हणून आणखी १८,७०० काढून घेतले. एकूण ३७,४००. याच पानावर फसलेले सोलापुरात आणखीही आहेत, लाजेनं कुणी तोंड उघडत नाही.

शेवटची चाल सगळ्यांना ठाऊक आहे. क्यूआर पाठवायचा, ‘रिफंड’साठी पिन टाकायला लावायचा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. पण तो माणूस फोन ठेवूच देत नाही, ‘आत्ता नाही केलं तर रक्कम अडकेल’ असा धोशा लावतो.

जीव जळतो तो तारखेवरून. सहल होती ५ आणि ६ जूनची! मे संपता संपता कोकणातली प्रवासी बोट वाहतूक बंद होते ती ३१ ऑगस्टपर्यंत. मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही थांबतात. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी. नैर्ऋत्येचा वारा सुटतो, लाटा चढतात, खाडीच्या तोंडाशी पाणी फुटतं, आत-बाहेर करणं जिवावरचं होतं. त्या दिवसांत बोटी नांगरून किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. मुक्कामाला येणार कोण?

आम्ही विचारलं नव्हतं असं नाही. पाऊस लागला तर काय, हे स्पष्ट विचारलं. उत्तर आलं, ‘बंदी मच्छीमारांना असते, आमची बोट मोठी आहे.’ अर्धं खरं असल्यामुळेच ते पटलं. सोलापूरकराला जून म्हणजे उजनी धरण मायनसमध्ये आणि १५ तारखेला शाळा. खवळलेल्या दर्याचा हिशेब इथं कुणाच्या डोक्यात असणार?

पानावरच्या फोटोतल्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नंबर होता, आयएनडी-एमएचनं सुरू होणारा. तो मासेमारी बोटीचा नंबर. अशा बोटीवर पर्यटक नेता येत नाहीत. प्रवासी क्षमता लिहिलेलं सर्वेक्षण प्रमाणपत्र मागा, खरा बोटवाला लगेच फोटो पाठवतो. यूपीआयवर धंद्याचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं, तर तिथंच थांबा.

आणि पोलीस. ठाण्यात पहिलं वाक्य, ‘बोट मालवणची ना, मग तिकडं जा.’ पैसे सोलापुरातल्या खात्यातून गेले, फोन सोलापुरात आला, तरी तिकडं! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे सांगितल्यावर साधा अर्ज लिहून घेतला, पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर’. साहेब आले, त्यांनी सायबर पोलिसांकडं पाठवलं. सायबरनं बँकेचा उतारा मागितला. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही. या चकरांमध्ये पैसे दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात गेले. समोरचं खातं गोठवणं एवढंच काम वेळेत व्हायला हवं होतं, तेच कुणी केलं नाही.

म्हणून ठाण्याची पायरी चढण्याआधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, मग बँक. चॅट पुसू नका. बंदराची परवानगी काढणं बोटवाल्याचं काम, तिची ‘अनामत’ प्रवाशाकडून कुणी घेत नाही. किल्ल्याच्या होडीचं तिकीट जेटीवरच्या खिडकीत मिळतं, त्यासाठी सोलापुरात बसून आगाऊ पैसे भरायची गरज नाही.

त्या पानाचं आता नाव बदललंय. फोटो तोच, नाळेवरचा नंबर तोच. १५ ऑगस्टच्या जोडसुट्टीचं बुकिंग घेतायत, आणि १५ ऑगस्टलाही बोटी बंदच असतात.