बंदूक दुनळी घ्यायची का पंप ॲक्शन (एकच नळी, मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची)?

आमचं घर यावलकडे मळ्यातच, चारी बाजूंनी केळी, रात्री कुत्रं भुंकलं की झोप उडते, म्हणून बंदुकीच्या लायसनसाठी अर्ज टाकलाय आणि आता घरात रोज हाच वाद चालू.

माझं मत दुनळी. कारण सरळ आहे भो, नळ्यांमागची कळ दाबली की ती मधे मोडते, दोन्ही नळ्यांतून आरपार दिसतं, भरलेली का रिकामी ते मिचमिच्या बल्बमधेही कळतं, आणि लहान पोरं असलेल्या घरात मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बार मात्र दोनच. दोन घोडे, पुढचा बहुतेक उजव्या नळीचा, मागचा डावीचा.

पंपात चार-पाच काडतुसं बसतात हे खरं, पण प्रत्येक बारानंतर नळीखालची मूठ पूर्ण मागे ओढून पूर्ण पुढे ढकलावी लागते, घाबरलेला माणूस ती अर्धवटच ओढतो आणि काडतूस अडकतं. वर चेंबरमधे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, एक राहून गेलं का ते बघायला विसरतात लोकं.

काडतूस दोन्हीत तेच १२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप). आणि छर्रे खोलीभर पसरतात हा गैरसमज हां, घरातल्या अंतरावर मुठीएवढेच पसरतात, नेम धरावाच लागतो, आणि चुकले तर पत्र्याच्या भिंतीपलीकडे कोण झोपलंय हा विचार आधी.

धाकटा भाऊ अजून पंपावरच अडून बसलाय. निवडणूक लागली की कुठलीही असो, बऱ्याचदा पोलीस ठाण्यातच जमा करायला लावतात म्हणा.