नाताळच्या केकसाठी पॉटहोल्डर विणताय? सुती धागाच घ्या (वर्षभर वापरून लिहितेय)

आधी अनुभव सांगते, मग धाग्याबद्दल. माझी ऑफिसातली मैत्रीण वसईची, निर्मळच्या बाजूला घर आहे तिचं. १४ वर्षं आम्ही शेजारी बसतोय आणि नाताळच्या आधीच्या रविवारी मी डोंबिवलीहून दिवामार्गे वसईची गाडी पकडून तिच्याकडे जायचं हे ठरलेलंच. दिवसभर कुलकुल (नाताळचा तळलेला गोड खाऊ) करायचे, मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्या-चमच्याच्या पाठीवर दाबायची आणि शंखासारखी गुंडाळत आणायची. तिची आई माझ्याकडे बघून म्हणते, "बाय, एवढं दाबू नको, रेघा पुसतात." आणि दुसरीकडे केक, त्याची सुकी फळं रममध्ये महिनाभर आधी भिजत घातलेली असतात.

मी जाताना काहीतरी विणून नेते. दोन वर्षांपूर्वी लाल-पांढरे पॉटहोल्डर (गरम भांडं धरायचे विणलेले चौकोन) नेले, घरात उरलेल्या लोकरीचे. तिने ओव्हनमधून टिन बाहेर ओढला, पॉटहोल्डरची कड तापलेल्या रॉडला लागली आणि प्लास्टिक जळल्यासारखा वास आला. धागा वितळून तिच्या अंगठ्याला चिकटला. मी तिचा हात नळाखाली धरून उभी आणि ती म्हणतेय, "अगं ठीक आहे मी, तू आधी केक बघ." फोड आठवडाभर होता. मला अजून वाईट वाटतं.

नंतर लेबल शोधून काढलं, बारीक अक्षरात १०० टक्के अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकसारखा कृत्रिम धागा. आपण दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतो, दुकानदारही म्हणतो, आणि स्वेटर-मफलरला ती छानच असते पण विस्तवाजवळ नको. घरात लेबल नसलेले गुंडे असतील तर बोटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा: सुती कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, मेंढीची खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देऊन विझते, अ‍ॅक्रिलिकची काळी कडक गोळी होते.

तर आता सुती धागा. साधा जाडसर, विणकामाचाच, क्रोशाचा बारीक नव्हे. मी पोनी कंपनीच्या ८ नंबरच्या सुया वापरल्या, म्हणजे ४ मिमी (आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा मोठा तशी सुई बारीक, नवीन शिकणाऱ्या मुली इथे हमखास गोंधळतात). ४० टाके घातले की साधारण २० सेमी रुंदी येते. सगळ्या ओळी सुलट विणा, म्हणजे वीण जाड आणि फुगीर होते, आत हवा राहते आणि चटका कमी बसतो. असे दोन चौकोन विणून एकमेकांवर शिवायचे, एकेरी अजिबात पुरत नाही. १०० ग्रॅमच्या गुंड्यात दुहेरी असा एक कसाबसा होतो, त्यामुळे जोडीला दोन गुंडे धरा.

तक्रारी आहेत. सुताला ताण नसतो, लोकरीसारखं सुईवर सरकत नाही, तासाभरात मनगट दुखतं. धागा सुटा होतो, त्याच्या पदरातूनच सुई जाते आणि चार ओळींनंतर लक्षात आलं की उसवा. पहिल्या धुण्यात बोटभर आटला. आणि लाल रंग! पांढऱ्या कडेवर गुलाबी डाग आले ते गेलेच नाहीत, म्हणून लाल घ्यायचाच असेल तर त्याचा वेगळा पॉटहोल्डर करा, पांढऱ्याशी जोडू नका. ओला पॉटहोल्डर कधीही वापरू नका, ओल्या सुतातून चटका लगेच हाताला पोचतो, हे आपल्या मसोत्यालाही लागू आहे.

पण काम चोख करतो. गेल्या नाताळात त्याच दोन पॉटहोल्डरनी आम्ही केकचे ६ टिन काढले, टिन नीट टेबलावर ठेवेपर्यंत हाताला नुसतं कोमट लागत होतं. तिच्या आईने तर उकळत्या तेलाची कढई त्यांनीच उतरवली, मी श्वास रोखून बघत होते. वर्षभर दर आठवड्याला धुतलेत, वीण अजून घट्ट आहे, कडा थोड्या वाकड्या झाल्यात इतकंच.

माझ्याकडून ५ पैकी ४, तो एक रंगासाठी कापला. यंदा मैत्रिणीने खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायला कोपऱ्यात लूप मागितलाय, आणि एक जोडी तिच्या आईसाठी वेगळी हवी आहे, हिरवी. कालच टाके घातलेत.