इमॅटिनिब ४००: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पाण्याची मोटार घ्यायची तरी आधी दहा जणांचे अनुभव वाचणारी मी बाई. कॅन्सरवरची ही गोळी मात्र कुणाला काही न विचारता घरात आली. म्हणून लिहून ठेवते. गोळी मालकांना चालू आहे. गिळायची त्यांनी, पहारा माझा.

आमचं सेलूत कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर यांना खताची गोणी सरकवतानाही धाप लागायला लागली. शी काळी व्हायची. मूळव्याध समजून दोन महिने चूर्ण खाण्यात गेले. हिमोग्लोबिन सहावर आलं तेव्हा दुर्बीण घातली, तर जठरात गाठ. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, ११ सेंटिमीटरची, चांगली कवठाएवढी गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता सहा केमो घ्या.

रिपोर्टात 'स्पिंडल सेल ट्यूमर' लिहिलेलं होतं आणि शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, 'आयएचसी करावी', म्हणजे पेशींना खास रंग देऊन कॅन्सरची जात ओळखण्याची तपासणी. माझा पुतण्या परभणीला लॅबमध्ये आहे. तो म्हणाला, "काकू, ही ओळ कुणी वाचलीच नाही का?" स्पिंडल म्हणजे नुसता पेशींचा आकार, चातीसारखा निमुळता. अशा आकाराचे कॅन्सर कितीतरी, अन् प्रत्येकाचं औषध निराळं. यांचा निघाला जिस्ट. आतडी हलती ठेवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्या घराण्यातला. त्याला नेहमीची केमो जवळपास लागूच पडत नाही. ते सहा डोस घेतले असते तर केस गेले असते, पैसा गेला असता, आणि गाठीचं काही वाकडं झालं नसतं.

तर गोळीच्या आधी ब्लॉकबद्दल. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात घालून ठेवतात. प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेली काडेपेटीपेक्षा लहान वडी, तिला ब्लॉक म्हणतात. तज्ज्ञाला कागद नको असतो, ही वडी लागते. ऑपरेशन केलं त्या दवाखान्यात मी तीन चकरा मारल्या. एकदा "साहेब नाहीत", एकदा "असं देता येत नाही". तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला, पोच मागितली आणि तिथंच बाकावर बसून राहिले. तासाभरात पाकीट हातात. मे महिना, परभणीचं ऊन, आणि मला एकच धास्ती, मेण वितळलं तर? त्या मेणाला वितळायला पंचावन्न-साठ डिग्री लागतात हे नंतर कळलं. तोवर मी ते पाकीट दह्याच्या डब्याशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात घालून नेलं होतं. पुतण्या अजून हसतो.

तपासायला मुंबईच गाठायची होती. देवगिरी एक्स्प्रेसला रात्री सेलूत बसलं की सकाळी दादर. राहायला दादरचीच गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, तिथून परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल फार लांब नाही. तिथं ब्लॉकवर सीडी११७ आणि डॉग१ या जिस्टची ओळख पटवणाऱ्या तपासण्या झाल्या, दोन्ही पॉझिटिव्ह. मग जनुकाची तपासणी, केआयटी एक्झॉन ११, म्हणजे केआयटी नावाच्या जनुकाच्या अकराव्या तुकड्यात बिघाड. हा आकडा विचारून घ्याच. एक्झॉन ११ ला ४०० मिलिग्रॅमची गोळी चांगली लागू पडते, एक्झॉन ९ असेल तर बऱ्याचदा डोस वाढवतात, आणि डी८४२व्ही नावाचा एक बदल असला तर ही गोळी कामच करत नाही. गाठ मोठी म्हणून आम्हाला तीन वर्षांचा कोर्स सांगितला. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म दवाखान्यातच भरून मिळतो. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबतच्याला ७५ टक्के.

आता गोळी. मृगाच्या तोंडावर, दुकानात बियाण्याला रांगा लागलेल्या असताना सुरू झाली. पहिल्या दिवशी यांनी ती चहाबरोबर घेतली आणि अर्ध्या तासात मोरीत. भरल्या पोटी, पेलाभर पाण्यासोबत, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. पण जन्मभर शेतकऱ्यांना "लेबल वाचा" सांगणाऱ्या माणसानं स्वतः लेबल वाचलं नाही. आता सकाळी अकराला दोन भाकरी खाऊन घेतात. मळमळ जवळजवळ गेली.

पापण्या मात्र सुजतात. सकाळी उठले की रात्रभर रडल्यासारखे डोळे. दुपारपर्यंत उतरतात. रात्री पोटरीत गोळे येतात, मग मी उठून पाय दाबते. आणि एक गंमत. रंग उजळला! शेजारच्या काकू म्हणाल्या, "मालक गोरे झाले की गं, कुठली क्रीम?" गोळी ज्या केआयटीला दाबते ते कातडीला रंग देणाऱ्या पेशींतही असतं, म्हणून. यांना ते मुळीच आवडलेलं नाही.

एका पाहुण्यानं काढा आणून दिला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हात जोडले, म्हणाले, यकृतावर दोघांचा भार नको. ग्रेपफ्रूटही बंद. ते सेलूत कोण विकतो, पण मी पपनसही आणत नाही. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आमची एकदाच चुकली, लग्नाच्या गडबडीत.

खर्चाचं म्हणाल तर देशी कंपनीची गोळी परवडते. मूळ परदेशी गोळी महिन्याला लाखाच्या घरात होती. नोव्हार्टिसचं पेटंटाचं अपील सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला फेटाळलं, म्हणून देशी चालू राहिली. तारीख यांना पाठ आहे. एकच त्रास झाला, मेडिकलवाल्यानं मध्येच कंपनी बदलून दिली. गोळीचा रंग वेगळा बघून मीच घाबरले. आता आधी फोटो पाठवते, मग घेते.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि लिव्हरच्या तपासण्या सेलूतच होतात. रिपोर्ट मोबाइलवरून परळला जातो, महिन्याच्या महिन्याला मुंबई करावी लागत नाही. सहाव्या महिन्याचा सीटी स्कॅन स्वच्छ आला. त्या दिवशी यांनी दुकान उघडलं, गल्ल्यावर बसले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, फवारणीचं अंतर चुकवू नका, नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. गिऱ्हाईक यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होतं.

पाचपैकी चार. एक पापण्यांचा कापला.