लॅक्टिक अ‍ॅसिडचं टोनर घरी करताय? आधी पेनवाला पीएच मीटर घ्या

सगळे नुसतं विचारतात किती टक्के, ५ का १०, पण खरं काम पीएचवर असतं हो, म्हणजे आंबटपणाच्या आकड्यावर, जितका कमी तितकं तीव्र. लॅक्टिक अ‍ॅसिडचा पीकेए ३.८६, म्हणजे टोनरचा पीएच तेवढा असला की निम्मं अ‍ॅसिड मोकळं राहतं आणि त्वचेवर मुख्य काम तेच मोकळं अ‍ॅसिड करतं. पीएच ५ झाला की मोकळं उरतं जेमतेम ७ टक्के, मग बाटलीवर १० लिहा नाहीतर १५. आणि उलट बाजूला, नुसत्या पाण्यात ५ टक्के लॅक्टिक टाकलं तर पीएच २ च्या आसपास जातो, ते तोंडाला लावायचं नाही म्हणजे नाही. घरच्या वापराला १० टक्क्यांच्या वर नको आणि पीएच ३.५ च्या खाली नको, ही जुनी मर्यादा मला अगदी योग्य वाटते.

आता मीटरचं. आधी पीएचच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या वापरायचे, पण ३.५ आणि ४ मधला रंगाचा फरक बल्बच्या उजेडात ओळखूच येत नाही आणि आपल्याला नेमका तोच फरक हवा असतो. या मीटरवर आकडा ०.०१ पर्यंत दिसतो, भरवसा मात्र ०.१ पर्यंतच धरायचा, तेवढा पुरतो. ४ आणि ७ च्या बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी, कॅलिब्रेट करायचा, आणि फक्त ७ वर करून भागवू नका कारण आपलं सगळं काम ४ च्या आसपासच चालतं. मीटरच्या टोकाचा काचेचा बल्ब कोरडा पडू द्यायचा नाही, टोपणात स्टोरेज सोल्युशनचे थेंब ठेवायचे, डिस्टिल्ड वॉटर चालत नाही त्याने बल्ब खराब होतो. बफर संपले की परत घ्यावे लागतात हा खर्च धरून चाला. टोनरमध्ये आकडा पटकन स्थिर होतो, क्रीममध्ये मात्र बराच वेळ नाचत बसतो आणि बल्ब पुसताना वैताग येतो, तिथे मी याला कमी मार्क देईन.

माझी पद्धत अशी की बाजारात मिळणारं ८८ टक्क्यांचं लॅक्टिक, १०० ग्रॅममध्ये ५.७ ग्रॅम वजन करून, म्हणजे ५ टक्के होतं. चमच्याने मोजू नका, ०.०१ ग्रॅमचा काटाच पाहिजे. आधी पाणी मग अ‍ॅसिड, मग पीएच वर आणायला कॉस्टिक सोड्याचं १० टक्क्यांचं द्रावण हळूहळू, आकडा ३.८ जवळ आला की थेंबाथेंबाने, हातमोजे आणि चष्मा घालूनच. प्रिझर्व्हेटिव्ह टाकायचंच, सोडियम बेंझोएट या पीएचला छान काम करतं, आणि ते टाकल्यावर पीएच परत बघायचा कारण तो थोडा वर सरकतो.

सॅलिसिलिकच्या नादाला सुरुवातीला लागू नका, ते पाण्यात नीट विरघळतच नाही, खाली स्फटिक बसतात आणि बाटलीच्या तळाच्या टोनरमध्ये जास्त अ‍ॅसिड येतं.

लावताना आधी कोपराच्या आत थोडं लावून बघा, आठवड्यातून एकदोनदा रात्री बास, त्या रात्री रेटिनॉल नको. सकाळी सनस्क्रीन हवंच, बंद केल्यावरही आठवडाभर, कारण त्वचा तेवढे दिवस उन्हाला जास्त संवेदनशील असते.

फक्त विकतचं टोनर वापरणाऱ्यांनी मीटरवर पैसे घालू नयेत, कंपनीने पीएच छापलाय का तेवढं बघा. पण स्वतः मिसळणार असाल आणि बजेटमध्ये एकच वस्तू बसत असेल, तर महागडे अर्क राहू द्या, हाच घ्या.